चवथीआधी कुठली बाटली फेकायची, कुठली ठेवायची

पत्र: माझं सासर फोंडा तालुक्यात. घर जुनं, चिऱ्यांचं. मागे कुळागर, म्हणजे सुपारी-माडांची बाग, आणि कुळागराच्या तोंडाशी विहीर. सासूबाईंना दमा आहे. माझं बाळ सात महिन्यांचं, आता रांगायला लागलंय आणि हाताला लागेल ते तोंडात घालतंय. चवथीची साफसफाई काढली आणि मागच्या आठवड्यात भलतंच झालं. सासूबाईंनी संडासात ॲसिड ओतलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं, मी वरून ब्लीच टाकलं. असा ठसका लागला की दोघींना अंगणात पळावं लागलं. तेव्हापासून ठरवलंय की घरातलं सगळं केमिकल बाहेर काढायचं. व्हिडिओ बघून यादी केलीय: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा, लिंबाच्या सालींचं बायो-एन्झाइम, कापराची पुरचुंडी, घरी केलेलं दंतमंजन, उन्हासाठी खोबरेल, परसातल्या भाजीवर तंबाखूचं पाणी. सासूबाई म्हणतात, फिनाईलशिवाय घर स्वच्छ होत नाही. यजमान म्हणतात, सुपारीला फवारणी केल्याशिवाय पीक हाती लागत नाही. आम्हा तिघांत बरोबर कोण?

उत्तर:

ताई,

आधी त्या संडासातल्या प्रकाराबद्दल. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला गेला तोच हा वायू. तुम्ही दोघी लगेच बाहेर आलात ते फार बरं केलंत. त्या दिवसापासून सासूबाईंची छाती जास्त भरून येत असेल, इन्हेलर नेहमीपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागत असेल, तर काढ्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि काय कशात मिसळलं गेलं ते स्पष्ट सांगा. पुन्हा कधी असं होऊन श्वास लागला तर सरळ १०८ ला फोन करा.

आता लक्षात घ्या, तुमच्या नव्या यादीतलं व्हिनेगर हेही आम्लच आहे. ब्लीचवर व्हिनेगर पडलं किंवा लिंबाचा रस पडला तरी तोच वायू निघतो. जुन्या मूत्रात, मग ते माणसाचं असो की गाईचं, अमोनिया असतो. त्यावर ब्लीच पडलं तर क्लोरामाइन तयार होतं, आणि तेही दम्याच्या माणसाला सोसत नाही. म्हणजे सगळं 'नैसर्गिक' आणून ठेवलं आणि ब्लीचची बाटली त्याच फळीवर राहिली, तर मागच्या आठवड्यातला प्रकार पुन्हा घडू शकतो. ब्लीच पाण्याशिवाय कशातही मिसळायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या बाईलासुद्धा, आज सांगा.

तुमच्या पत्रातल्याच तीन गोष्टींवर मी हे सगळं उत्तर बांधणार आहे: रांगणारं बाळ, सासूबाईंची छाती आणि कुळागराच्या तोंडाशी असलेली विहीर. घरातली एकेक बाटली, पुडी, डबा हातात घ्या आणि विचारा, हे बाळाच्या तोंडात जाईल का, सासूबाईंच्या श्वासात जाईल का, विहिरीत उतरेल का? ती वस्तू कारखान्यातून आली की झाडावरून, हा प्रश्न त्यानंतरचा. तुमच्या यादीतल्या काही नैसर्गिक वस्तू या परीक्षेत साफ नापास होतात. आणि एक अस्सल केमिकल पास होतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

संडासापासून सुरू करू. तुमच्याकडे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असणार. गोव्यातल्या बहुतेक गावांत तोच आहे. टँकमध्ये मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात. दर आठवड्याला बाटलीभर ॲसिड किंवा ब्लीच आत गेलं की ते जिवाणू मरतात, मैला न कुजता पुढे सरकतो आणि शोषखड्ड्यातून जमिनीत उतरतो. आपल्याकडची जमीन जांभ्याची, जाळीदार. पावसात तिच्यातून पाणी किती भराभर झिरपतं ते तुमच्या विहिरीची पातळी दोन दिवसांत कशी चढते त्यावरून तुम्हाला दिसतंच. शोषखड्डा आणि विहीर यांच्यात निदान १५ ते २० मीटर अंतर हवं. तुमच्याकडे ते आहे का, हे यजमानांना पावलांनी मोजायला सांगा. नसेल तर संडासात काय ओतायचं हा प्रश्न तुमच्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

ॲसिडऐवजी लिंबूसत्व घ्या. किराणा दुकानात पांढरे खडे मिळतात. रात्री निजताना दोन-तीन मोठे चमचे भांड्यात टाकायचे, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी ब्रशने घासून पाणी ओतायचं. क्षाराचा पिवळा थर यानं सुटतो. जुना जाड थर एका रात्रीत जाणार नाही, तीन-चार वेळा करावं लागेल. रोजच्यासाठी साबणाचं पाणी आणि ब्रश. संडासाची दुर्गंधी येते ती घाण आणि ओल यांची. रोज घासलं आणि खिडकी उघडी ठेवली की सुगंधी वड्यांची गरजच पडत नाही.

आता पास होणारं ते केमिकल: विहिरीतली ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं, त्यात काय काय मिसळतं ते सांगता येत नाही. त्या पाण्यातले कॉलरा-काविळीचे जंतू तुरटीने, तुळशीच्या पानांनी किंवा तांब्याच्या कळशीने खात्रीने मरत नाहीत. तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही. चांगल्या प्रतीची ताजी पावडर असेल तर १००० लिटर पाण्याला साधारण २.५ ग्रॅम पुरते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर तरी थांबायचं. विहिरीत पाणी किती आहे याचा अंदाज चुकू शकतो, म्हणून आरोग्य केंद्रातल्या माणसांकडूनच करून घेतलेलं बरं. बाळाचं पाणी मात्र त्यानंतरही उकळूनच.

फरशी. सासूबाईंना मी मान देऊन सांगेन की फिनाईलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेली द्रव्यं असतात. तो वास दम्याच्या माणसाला त्रास देतो आणि फरशीवर राहिलेला अंश बाळाच्या तळहातांवरून तोंडात जातो. घरात कुणी आजारी नसेल तर फरशी पुसायला कोमट पाणी आणि थोडा साबण पुरतो. मात्र पाणी दोन-तीनदा बदलायला हवं आणि पोछा रोज उन्हात नाहीतर वाऱ्यावर खडखडीत वाळायला हवा. ओलसर पोछ्यात जितके जंतू वाढतात तितके फरशीवर नसतात. सासूबाईंना वास हवाच असेल तर परसातली गवती चहाची पात उकळून ते पाणी बादलीत घाला. बाळाला ताप-जुलाब झाले, कुणी उलटी केली, तर तेवढ्या जागेपुरतं पातळ ब्लीच वापरून, खिडक्या उघडून, नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. तेवढ्यासाठी एक छोटी बाटली उंच फळीवर, कुलपात राहू दे.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करायचं व्हिडिओतलं ते फेसाळणारं मिश्रण विसरा. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात. फेस जातो आणि मागे उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळी. तेलकट कढई आणि जळकं भांडं यांना सोडा. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर, केटलीचा तळ यांना व्हिनेगर. तुमच्या भागात कुणी रेंदेर अजून माडाची सूर काढत असेल तर त्याच्याकडचं सुरेचं व्हिनेगर बाजारातल्या कृत्रिम व्हिनेगरपेक्षा चांगलं, पण ते जेवणासाठी ठेवा. साफसफाईला लिंबूसत्व स्वस्त पडतं. आणि जुन्या घरात जपून! संगमरवर, कडाप्पा, मोझेक, सिमेंटचा कोबा हे सगळं आम्लाने खाल्लं जातं. डाग निघतो आणि त्याबरोबर चकाकीही जाते, ती परत येत नाही.

बायो-एन्झाइम करायला माझी ना नाही. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पण चवथ तीन महिन्यांवर नाही, म्हणजे यंदा ते तयार होणार नाही. शिवाय पहिल्या महिन्यात त्यात वायू धरतो, तेव्हा प्लास्टिकची बाटली घ्या आणि रोज झाकण सैल करा. काचेची बाटली फुटून बाळाच्या खोलीत तुकडे उडायला नकोत. तयार झाल्यावर ते एक सौम्य आंबट पाणी असतं. टाइल्स आणि बेसिन छान निघतात. मासळी कापलेल्या आदोळीखाली, कोंबडी ठेवलेल्या ओट्यावर जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबू नका; तिथे साबण आणि कढत पाणी.

चवथीची खरी मेहनत समया, तांब्ये, आरतीची भांडी आणि न्हाणीघरातलं तांब्याचं भाण. इथे मात्र तुमच्या सासूबाईंच्या हाताला बाजारातलं कुठलंही पॉलिश हरवू शकत नाही. परसात बिंबलांचं झाड असेल तर पिकून खाली पडलेली बिंबलं गोळा करा. बिंबल उभं चिरायचं, कापलेली बाजू मिठात बुडवायची आणि समईच्या दांड्यावर घासायची. त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. काळपट थर बोटाखाली सुटताना दिसतो आणि रस हिरवट-करडा होतो. बिंबलं नसतील तर चिंचेचा कोळ किंवा भिरंडाची (कोकमाची) वाळकी सालं भिजवून चालतील. त्यानंतरची पायरी बायका घाईत गाळतात: आम्ल लगेच, भरपूर पाण्याने धुवायचं. समईच्या कंगोऱ्यांत, नागाच्या फण्यामागे रस राहिला तर दोन दिवसांत तिथे हिरवा कळंक चढतो. मग चुलीतली चाळलेली राख नारळाच्या सोडणाच्या तंतूंवर घेऊन कोरडी घासायची आणि कापडाने पुसायची. राख अल्क असते. उरलेलं आम्ल ती मारते आणि तेलाच्या दिव्याचा चिकटा तिच्याशी मिळून साबणासारखा सुटून येतो. राख निव्वळ लाकडाची, करवंटीची, सोडणांची हवी. चुलीत प्लास्टिक, रंगवलेली फळकुटं, औषधांच्या पट्ट्या गेल्या असतील तर ती राख भांड्यांनाही नको आणि झाडांनाही नको. हात चिरलेले असतील तर बिंबलाने आग होते, मोजे घाला.

पावसाळ्यातला बुरा, म्हणजे बुरशी, हा आपल्याकडचा मोठा आजार, आणि दम्याच्या घरात फिनाईलपेक्षाही त्याची चिंता जास्त करायला हवी. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आषाढ-श्रावणात हवा भिजलेलीच असते. कपाटामागची भिंत, चामड्याच्या चपला, देवघरातल्या तसबिरींची मागची बाजू, सगळीकडे करडी-हिरवी साय धरते. ती कोरड्या फडक्याने झटकू नका. झटकली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि सरळ सासूबाईंच्या फुफ्फुसात जातात. त्यांना आणि बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा, तोंडाला मास्क बांधा, ओल्या फडक्याने पुसून घ्या, मग निव्वळ व्हिनेगर लावून तासभर ठेवा आणि पुन्हा पुसून पंखा लावा. हे चुन्याच्या भिंतीवर करायचं नाही, लाकडावर आणि टाइल्सवर करायचं. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मागून वारा खेळला की निम्मा बुरा धरतच नाही.

आणि भिंतीच्या रंगाचा विचार चवथीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भिंती सुकल्यावर करा. चिऱ्यांच्या जुन्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. त्यांच्यावर प्लास्टिकचा चकचकीत रंग लावला की आतली ओल आतच अडकते आणि रंग फुगून पापुद्रे सुटतात. आपल्या जुन्या घरांना शिंपल्यांच्या चुन्याची सफेदी असायची ती याच कारणाने टिकली. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि इतका कडक अल्क असतो की त्यावर बुरशी सहज धरत नाही. कडक असल्यामुळेच तो डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा सफेदीच्या दिवशी बाळ शेजारी पाठवा. आधीचा प्लास्टिक रंग खरवडल्याशिवाय त्यावर चुना बसत नाही, हेही रंगाऱ्याला आधीच विचारून ठेवा.

कपाट उघडलंच आहे तर डांबरगोळ्या आज काढून टाका. माझ्या हातात असतं तर तुमच्या घरातली पहिली फेकायची वस्तू मी हीच सांगितली असती. नॅफ्थलीन बाळाने गिळलं तर जीवावर बेततंच, पण काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते. त्यांना नुसते त्या वासात ठेवलेले कपडे, दुपटी घातली तरी रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. ही कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. चवथीला बाळासाठी काढलेले जुने कपडे असतील तर धुऊन, कडक उन्हात पूर्ण दिवस घालून मगच अंगावर घाला. रेशमी साड्यांत वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत ठेवा. ओल ओढून घ्यायला कोळशाची वाटी चालते. वेखंड मात्र कपाटापुरतंच. बाळाला उगाळून चाटवायची पद्धत आहे, ती सोडा. त्यातल्या असारोनमुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाण्यात घालायला मनाई आहे.

कापराची पुरचुंडी बाळाच्या पाळण्याला बांधू नका. कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येतात, आणि कापूर-नीलगिरीचं बाम दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ लावलं तर श्वास अडतो. सर्दीला मिठाच्या पाण्याचे थेंब.

डासांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारच होता. २००३ सालच्या एका अभ्यासात असं आढळलं की एक कॉईल जळून संपते तेव्हा तिच्यातून बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगरेटींच्या धुराइतके निघतात. दम्याच्या घरात कॉईल नको. पण सोडणांची आणि कडुनिंबाच्या पाल्याची धुरीही धूरच आहे. ती गोठ्यात करा, माजघरात नको. सिट्रोनेलासारखी तेलं तास-दोन तासांत उडून जातात आणि बाळाच्या कातडीला झोंबतात. लिंबूगंधी निलगिरीची औषधं तीन वर्षांखालच्या मुलाला लावत नाहीत. बाळाला मच्छरदाणी, दिवसाच्या झोपेलासुद्धा, कारण डेंगीचा डास दिवसा चावतो. आणि तो स्वच्छ पाण्यात वाढतो: फ्रिजमागच्या ताटलीत, कुंडीखालच्या बशीत, टाकून दिलेल्या नारळाच्या करवंटीत, कुळागरात पडलेल्या सुपारीच्या विरीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी सगळं पालथं करा. विहिरीत गप्पी मासे सोडा. ब्लीचिंगच्या वेळी ते मरू शकतात, तेव्हा त्याआधी थोडे टाकीत काढून ठेवा.

अंगाच्या वस्तूंबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे बहुतेक गोष्टी सोप्या आहेत. बाळाला घाण्याचं खोबरेल आणि साधं पाणी पुरे. पावडर नको, तिची भुकटी श्वासात जाते. तुमच्या केसांना रिठा-शिकेकाई-आवळा उत्तम. गांध्याच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याच्या, दुकानात सबंध शेंगा आणि सबंध रिठे घ्या, तयार भुकटीत काय काय असतं ते कळत नाही. रात्री भिजवून सकाळी उकळा, कोमट करून गाळा. जास्वंदीची पानं चुरून त्यात घातली की केस मऊ होतात. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, म्हणून बाळाला नको. काखेला तुरटीचा खडा पुरतो. खोबरेल उन्हापासून वाचवत नाही. दुपारी बाहेर पडायचं असेल तर टोपी, लांब बाह्या किंवा दुकानातलं सनस्क्रीन. दंतमंजनाच्या बाबतीत मी तुमच्या यादीविरुद्ध आहे. दात किडण्यापासून वाचवतं ते फ्लोराइड, आणि ते कोळशाच्या पुडीत नसतं. सोडा-लिंबू तर दातांवरचा थरच खातं. बाळाला पहिला दात आला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून पुसा. चवथीला कुणी 'नैसर्गिक काळी मेंदी' घेऊन आलं तर हात मागे घ्या. मेंदी काळी रंगत नाही, त्यात केस रंगवायचं पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याने फोड येतात.

परसातल्या भाजीवर तंबाखूचं पाणी नको. निकोटीन हे जहाल विष आहे, ते कातडीतूनही शरीरात जातं आणि फवारणाऱ्याला मळमळ, घेरी येते. ज्या भेंडीची भाजी घरातली माणसं खाणार, तिच्यावर ते मारायचं कशाला? भेंडी-पडवळावर मावा दिसला तर पाण्याची जोरदार धार पानांच्या मागच्या बाजूला मारा. निम्मा मावा त्यातच पडतो. जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड धरली असेल तर ती फांदी कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. त्यापुढे कडुनिंबाचं तेल, एक लिटर पाण्याला ५ मिलिलिटर आणि चिमूटभर साबण, संध्याकाळी. उन्हात ते विरतं आणि पावसात धुऊन जातं, त्यामुळे श्रावणसरींत वारंवार मारून उपयोग नाही. दोन दिवस उघडीप बघून मारा. बाटली उंचावर ठेवा. कडुनिंबाचं तेल पोटात जाऊन लहान मुलं दगावली आहेत.

आपली जांभ्याची माती आंबट, तिला लाकडाची राख मानवते. पण राख आणि गोमूत्र किंवा ताजं शेण एकत्र कालवू नका. अमोनिया उडून जातो आणि खताचा जीवच जातो. राख एका आठवड्यात, शेणखत दुसऱ्या.

माडांची नवी चुडतं उमलताना कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसतात का, ते पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, विचारा. तो गेंड्या भुंग्याचा उद्योग. कोवळ्या सुईत तो भोक पाडतो आणि चघळलेला भुसा बाहेर टाकतो. पाडेली वर चढतोच, तेव्हा त्याच्याकडे लोखंडी आकडा द्या, भोकात घालून भुंगा ओढून काढतात. मग निंबोळी पेंड आणि वाळू प्रत्येकी २५० ग्रॅम मिसळून वरच्या तीन चुडतांच्या बेचक्यांत भरायची, वर्षातून तीनदा. डांबरगोळ्या बेचक्यांत ठेवायची पद्धत आहे, पण तुमच्या घरात त्या नसलेल्याच बऱ्या. आणि मूळ शोधा: या भुंग्याच्या अळ्या शेणाच्या खड्ड्यात, कुजक्या माडाच्या बुंध्यात वाढतात. खड्डा वरखाली केला की जाड्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडतात. कोंबड्यांना टाका. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खड्ड्यात मिसळली तर ती या अळ्यांना मारते. जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात तिची चौकशी करा.

राहिले तुमचे यजमान. सुपारीच्या कोळेरोगाबद्दल ते बरोबर आहेत. पावसात घोसावर ती बुरशी एकदा बसली की हिरव्या सुपाऱ्यांचा खाली खच पडतो, आणि गोमूत्र-ताकाने ती आवरत नाही. एक टक्का बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही चालतं, पण त्यात तांबं असतं आणि ते वर्षानुवर्षं जमिनीत साठत जातं. म्हणून पावसाच्या तोंडावर एक आणि ४०-४५ दिवसांनी दुसरी फवारणी, घोसांवर नेमकी. सबंध कुळागर भिजवायचं नाही, रोगट गळलेल्या सुपाऱ्या वेचून जाळायच्या. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, आणि मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात. लोखंडी पिंप नको. मिश्रण झाल्यावर घासलेला कोयता त्यात मिनिटभर बुडवून बघायचा: पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पंप विहिरीच्या कठड्यावर धुवायचा नाही, ते पाणी लांब, उताराच्या पलीकडे ओतायचं. फवारणीचे कपडे वेगळे भिजवायचे आणि अंघोळ झाल्याशिवाय त्यांनी बाळाला उचलायचं नाही.